पुंगोलची शेतकरी आघाडी

शेत मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा चाळिशी ओलांडली होती, आणि त्यातलं पीक ज्वारीचं की मक्याचं हे मला बायकोने सांगितलं. तरीसुद्धा सतराव्या वर्षी मी शेतकऱ्यांचा पुढारी होतो. सिंगापुरात, पुंगोलमध्ये, अकराव्या मजल्यावर. हे मी आता नातीला सांगतो तेव्हा ती माझ्याकडे बघते तसं त्या काळी आमच्या ब्लॉकखाली बसणारे चिनी आजोबा बघायचे; म्हणजे माणूस निरुपद्रवी आहे, पण फार जवळ बसू नये.

त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यात मानाची जागा फ्रिजच्या डोक्यावरची होती. तिथे बाबांचा फोन असायचा. रेंज घरभर सारखीच यायची, पण एकदा तिथे ठेवलेला असताना मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, तेव्हापासून आई त्याला तिथून हलू देत नसे. बाबांची नोकरी गेली होती. आंग मो किओतल्या त्यांच्या कंपनीने सगळं काम दुसऱ्या देशात हलवलं आणि बाबांना केक कापून निरोप दिला. नोटिशीचा काळ संपला की नोकरीवर मिळालेला त्यांचा सिंगापुरात राहण्याचा पास संपणार, आणि त्यांच्या पासला आईचा, माझा, मिथिलाचा असे तिन्ही पास टांगलेले. त्याआधी दुसरी नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर बॅगा भरायच्या. बाबा तरीही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे आणि लायब्ररीत जाऊन बसायचे, कारण रोजच्या वेळेला लिफ्टमध्ये दिसले नाहीत तर शेजारी विचारतील. निघण्याआधी बेसिनसमोर उभे राहून ते मुलाखतीतलं एक वाक्य घोटायचे, ‘आय अ‍ॅम अव्हेलेबल इमिजिएटली.’ कधी हसून, कधी न हसता, कधी ‘इमिजिएटली’वर जोर देऊन. माझी धाकटी बहीण मिथिला, वय सहा, तिने ते उचललं. आईने जेवायला हाक मारली की ती खोलीतून ओरडायची, ‘अव्हेलेबल इमिजिएटली!’ पहिल्यांदा बाबा खो खो हसले. दुसऱ्यांदा आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं. त्यानंतर घरात खिडकीबाहेरून जाणाऱ्या, ड्रायव्हर नसलेल्या छोट्या एलआरटी गाडीचा घूं आवाज आणि भाजीतल्या मोहरीचा तडतडाट, एवढंच ऐकू यायचं.

अशा घरात मी कॅन्ससचे शेतकरी आणले. दोष माझ्या भुकेचा. इतिहासाच्या तासाला प्रकल्पाचे विषय वाटले गेले तेव्हा मी कॅन्टीनमध्ये लाक्सा नूडल्सचा दुसरा वाडगा संपवत होतो. परत आलो तोवर महायुद्धं, क्रांत्या, भिंती पडणं वगैरे चांगला माल उचलला गेला होता आणि उरला होता एकच विषय, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या कॅन्सस या शेतीप्रधान राज्यातलं शेतकऱ्यांचं राजकारण. मिस्टर को, आमचे सर, म्हणाले, ‘सलील, यू आर इंडियन. फार्मर्स, यू नो.’ मी मान हलवली. पुण्यात प्रभात रोडवर जन्मलेल्या आणि चौथीपासून सिंगापुरात वाढलेल्या माणसाला शेतकरी ठाऊक असतातच.

पण वाचायला लागलो आणि अडकलो. या लोकांनी गहू पिकवायचा, मका पिकवायचा, आणि गावात रेल्वे एकच. ती सांगेल ते वाहतुकीचं भाडं. स्टेशनाजवळ धान्याचं उंच कोठार, त्याचा मालक म्हणेल ती धान्याची प्रत आणि तो देईल तो भाव. एखाद्या हिवाळ्यात मका इतका मातीमोल झाला की लोकांनी कोळशाऐवजी तोच चुलीत घातला. मग ते संतापले, पण किती छान संतापले. घोडागाड्यांच्या मैलभर मिरवणुका, माळावर सहली, डबे, गाणी आणि भाषणं. बायकासुद्धा गाडीवर चढून तासतास बोलायच्या. सोन्याच्या जोडीने चांदीचं नाणं चालू द्या, रेल्वे सरकारने चालवावी, आमचं धान्य सरकारी कोठारात ठेवून घ्या, म्हणजे भाव चढेपर्यंत आम्हांला थांबता येईल. त्यांचं म्हणणं एवढंच की पिकवणारा एक आणि ठरवणारा दुसरा, हे चालणार नाही. त्यांनी पक्ष काढला, राज्य जिंकलं, आणि मग एका मोठ्या पक्षाशी हातमिळवणी केली. त्यात त्यांचा पक्ष विरघळून गेला. हे शेवटचं प्रकरण वाचून मी इतका हळहळलो की मिथिलाला हाताशी धरून तिला रेल्वेचं भाडं समजावलं. ती म्हणाली, ‘दादा, देन जस्ट टेक बस लाह.’

आता मोदकांकडे यायला हवं. आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये बसायचा. मुख्य दिवशीचे उकडीचे मोदक पुंगोलमधून जायचे, कारण पुंगोलमध्ये तरुण, भाड्याने राहणारी, मंडळात नवीन अशी कुटुंबं होती आणि नव्या माणसांनी काम करायचं असतं. टेक्काच्या भारतीय बाजारातून आणलेली तांदळाची पिठी, बाजारातल्या मावशीकडून यंत्रावर खवून घेतलेला नारळ, आणि गूळ संपला की गुला मलाका, म्हणजे तिथला माडाचा गूळ, ज्याने सारणाला धुरकट, थोडा कॅरमलसारखा वास यायचा. भल्या सकाळपासून पाच घरांतल्या पाच बायका पाऱ्या वळायच्या. मग स्टीलचे डबे टॉवेलात गुंडाळून एलआरटी, एमआरटी, बस असा प्रवास. मुख्य आरतीचं ताट मात्र दरवर्षी जुन्या, काँडोच्या महागड्या इमारतींत राहणाऱ्या, नागरिकत्व घेतलेल्या कुटुंबांच्या हातात. आमच्या आया तेव्हा मागच्या बाजूला डबे धूत असायच्या आणि टाळ्या ऐकून कोणतं कडवं चालू आहे ते ओळखायच्या. याबद्दल आई कधी बोलली नव्हती. पण त्या वर्षी पीठ चाळताना म्हणाली, ‘बहुधा शेवटचाच गणपती इथला. एकदा ताट हातात घेऊन बघायला आवडलं असतं.’

झालं. माझ्या डोक्यात आगगाडीची शिट्टी वाजली. पिकवणारे पुंगोलमध्ये, ठरवणारे काँडोत. मी आईला आघाडीची कल्पना सांगितली. आरतीचा मान आळीपाळीने सगळ्यांना मिळेपर्यंत पुंगोलमधून मोदक जाणार नाहीत. आईने चाळणी खाली ठेवली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, ‘पाचही घरं असतील तर मी आहे. एक जरी नसेल तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.’

सभा मी व्हॉइड डेकमध्ये घेतली, म्हणजे ब्लॉकखालच्या त्या मोकळ्या जागेत, जिथे लग्नं आणि अंत्यविधी दोन्ही होतात. घोडागाडी नव्हती, म्हणून बुद्धिबळाच्या सिमेंटच्या टेबलावर उभा राहिलो. समोर आई, लेले काकू, शिंदे काकू बाबागाडीसह, आणखी दोघी, आणि ते चिनी आजोबा. मी कॅन्ससच्या माळावरून सुरुवात केली. ‘धान्य कोणाचं? घाम कोणाचा? आणि कोठाराची किल्ली कोणाकडे?’

‘घाम आहे खरा,’ शिंदे काकू पदराने वारा घेत म्हणाल्या, ‘पण आधी टेबलावरून उतर. पडलास तर इन्शुरन्स कोणाचा?’

लेले काकूंनी विचारलं, ‘म्हणजे पेंडसे काकांना सांगायचं कोणी?’

‘आघाडी सांगेल.’

‘आघाडी म्हणजे तूच ना?’

आजोबांनी मला इंग्रजीत विचारलं की आम्ही काय विकतोय. मी म्हणालो, काहीच नाही, तोच तर मुद्दा आहे. ते खांदे उडवून कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायला निघून गेले. शेवटी पाचही जणींनी हात वर केले. मी हात मोजले, पण चेहऱ्यांकडे बघितलं नाही. आता वाटतं, त्या बायका एका बेकार माणसाच्या पोराला नाही म्हणू शकत नव्हत्या. तेव्हा वाटलं, कॅन्सस पेटलं.

आघाडीची मागणी मी त्याच रात्री मंडळाच्या अध्यक्षांना, पेंडसे काकांना, मेसेजने कळवली. काका एका बँकेत मोठ्या जागेवर होते, आणि बाबांचा बायोडेटा त्यांच्याकडे होता. त्यांच्या बँकेत बाबांच्या कामाची एक जागा निघाली होती. आमच्या फ्रिजवरचा फोन मुख्यतः त्यांच्यासाठीच तिथे ठेवला होता. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. पण सतराव्या वर्षी दोन गोष्टी एकाच वेळी माहीत असल्या तरी त्यांची एकमेकींशी गाठ पडतेच असं नाही.

मुख्य दिवसाच्या आदल्या दुपारी फोन वाजला. बाबा नेमके मिथिलाला शाळेतून आणायला खाली गेले होते. आईचे हात पिठात, म्हणून मी फोन उचलून स्पीकरवर ठेवला.

‘काय पुढारी,’ पेंडसे काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त राग आला. ‘वहिनी आहेत का जवळ? वहिनी, ऐका. उद्या मुख्य आरती मोघ्यांनी करायची, तुम्ही दोघांनी. आमच्या बँकेतले साहेब येणार आहेत, टेक्नॉलॉजीचं सगळं तेच बघतात. आरती झाली की मी मोघ्यांची ओळख करून देतो. तेवढं ते मोदकांचं नेहमीसारखं होऊ दे.’

पिठाचे हात आईने हवेत धरले होते, जणू कोणी बंदूक रोखली आहे. माझ्या डोळ्यांसमोर मात्र पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लख्ख उभं. हातमिळवणी. पुढाऱ्याला मान द्यायचा आणि पक्ष खिशात घालायचा. मी म्हणालो, ‘काका, प्रश्न एकट्या आमच्या घराचा नाहीये. बाकीच्या चार घरांचं काय?’

‘बाकीचे आणतीलच रे मोदक,’ काका म्हणाले. ‘तू अजून लहान आहेस.’

‘कॅन्ससमध्ये रेल्वेवालेही असंच म्हणायचे.’

‘कुठे?’ काकांनी विचारलं. मग आईला म्हणाले, ‘वहिनी, विचार करा आणि कळवा,’ आणि फोन ठेवला.

आईने मला एकच विचारलं, ‘नक्की सगळ्या आहेत?’ मी म्हणालो, ‘सगळ्या.’ तिने पुन्हा विचारलं नाही. बाबा वर आले तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. बाबा दप्तर हातात धरून तसेच दारात उभे. म्हणाले, ‘मी त्यांना फोन करतो.’ आई म्हणाली, ‘करा. पण मग त्या चौघींना मी काय सांगू? ताट आम्हांला मिळालं, तुमचं तुम्ही बघा?’ बाबांनी फोन हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा फ्रिजवर ठेवला. मग त्यांनी इस्त्रीचं टेबल उघडलं आणि उद्याचा कुरता इस्त्री करायला घेतला. एकच बाही ते किती वेळ करत होते. सुरकुती नव्हती तिथे.

मुख्य दिवशी मी हॉलच्या मागच्या दारापाशी पहाऱ्याला उभा राहिलो, आघाडी अभेद्य आहे हे डोळे भरून बघायला. आधी लेले काकू आल्या. त्यांच्या हातात सुपरमार्केटची पिशवी होती आणि पिशवीला स्टीलच्या डब्याचा आकार होता. मला बघून त्या दचकल्या. ‘हे बघ सलील,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘एकवीसच आणलेत. नैवेद्यापुरते. भांडण माणसांशी रे, बाप्पाला कशाला उपाशी ठेवायचं? बाकीच्यांना सांगू नकोस.’ मग शिंदे काकू आल्या, बाबागाडी ढकलत. गाडीत बाळ होतं आणि बाळाच्या पायांखालून वाफ येत होती. ‘एकवीसच,’ त्या म्हणाल्या. ‘सासूबाईंचा पुण्याहून फोन आला होता. कोणाला बोलू नकोस हं.’ उरलेल्या दोघी एकाच लिफ्टमधून आल्या, पण एकमेकींना डबे दिसू नयेत म्हणून दोघींनी ओढणी पांघरली होती. एकमेकींकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे तर नाहीच. गव्हाचं कोठार भरून ठेवता येतं, वर्षभर थांबता येतं. उकडीचा मोदक संध्याकाळपर्यंतही थांबत नाही, आणि गणपतीला तर कोणीच थांबवत नाही. हे कॅन्ससबद्दल पाच हजार शब्द लिहिणाऱ्या विद्वानाच्या लक्षात आलं नव्हतं.

पाच घरांतल्या चारांचे मोदक गणपतीपुढे होते. फक्त आमचे नव्हते. आई रिकाम्या हाताने आली होती, आणि त्या हॉलमध्ये रिकाम्या हातांचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. तिने चारही डबे बघितले. चारही जणी मुद्दाम कुठेतरी कामात. मग तिने वळून मला शोधलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त सवयीने मागच्या सिंककडे गेली. तिथे आमचा डबा नव्हता म्हणून दुसऱ्यांचे धुवायला लागली.

मुख्य आरतीचं ताट लेल्यांच्या हातात होतं. पुंगोलला मान मिळाला होता. पेंडसे काकांनी ती जागा रिकामी ठेवली नाही एवढंच. बँकेचे साहेब, एक उंच सिंगापुरी चिनी गृहस्थ, पुढच्या रांगेत हात जोडून उभे होते. आरती संपल्यावर काकांनी शेजारी उभ्या असलेल्या माणसाची त्यांना ओळख करून दिली, आणि शेजारी लेले काका उभे होते, ज्यांना उत्तम नोकरी होती. साहेबांनी मोदक काट्याने खाल्ला, छान म्हणाले, घड्याळ बघितलं. बाबा अगदी मागे, चपलांच्या ढिगाऱ्यापाशी. आरतीला सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यांच्या होत्या. मला मागच्या दारापर्यंत ऐकू येत होत्या. साहेब गाडीत बसून गेल्यावर पेंडसे काका बाबांजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘मोघे, मी सांगितलं होतं हो वहिनींना. साहेबांना आज लवकर निघायचं होतं. बघू, मी बोलून ठेवतो.’ बाबा म्हणाले, ‘हो हो. मोदक छान झाले होते.’

परतीच्या गाडीत मिथिला आईच्या मांडीवर झोपली. बाबांनी मला विचारलं, ‘त्या तुझ्या शेतकऱ्यांचं पुढे काय झालं?’

‘हातमिळवणी केली. पक्ष संपला.’

‘आणि नसती केली तर?’

मी विचार केला. ‘तरी संपला असता बहुतेक.’

‘आणि त्यांच्या त्या मागण्या?’

‘त्यातल्या बऱ्याच पुढे मान्य झाल्या. दुसऱ्यांनी केल्या.’

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘मग छानच झालं की.’ त्यांना हसायचं होतं, पण हसू अर्ध्यात अडकलं आणि ते पुढचं स्टेशन येईपर्यंत खोकत राहिले. पुढच्या वर्षीपासून मंडळात आरतीचा मान खरोखरच आळीपाळीने द्यायला लागले, असं कानावर आलं. आम्ही तेव्हा तिथे नव्हतो.

पेंडसे काका बोलले असतीलही. तो फोन आला नाही. बाबांनी आणखी बऱ्याच मुलाखती दिल्या, वाक्य तेच. माझ्या प्रकल्पाला मात्र चांगले गुण मिळाले. मिस्टर कोंनी शेवटी एवढंच लिहिलं होतं की शेतकऱ्यांची एकजूट का टिकली नाही हे अधिक खोलात जाऊन लिहायला हवं होतं.

निघायच्या दिवशी फ्लॅटमध्ये चार बॅगा, एक चटई आणि फ्रिज एवढंच उरलं होतं. फ्रिज विकला होता, पण घेणारा अजून न्यायला आला नव्हता. सकाळी बेल वाजली. लेले काकू, डबा घेऊन. ‘प्रवासात होतील म्हणून मोदक केलेत. आत्ताच खा. आणि बाकीच्यांना बोलू नकोस, उगाच त्यांना वाटेल आपण नाही केलं.’ त्या गेल्यावर थोड्या वेळाने शिंदे काकू, बाबागाडी, बाळ, वाफ. ‘कोणाला सांगू नकोस हं.’ मग तिसरी, मग चौथी. प्रत्येकीने आईला मिठी मारली, प्रत्येकीने दार ओढून घेताना आवाज खाली केला. टेबल नव्हतं म्हणून चार डबे चटईवर एका ओळीत ठेवले. आम्ही चौघं भोवती बसलो. मिथिलाने एका मोदकाचं नाक खाल्लं आणि तो परत ठेवला. आई डब्यांकडे बघत होती. मग तिने उठून चारही झाकणं घासली, पुसली, पुन्हा घासली.

बाबा एक मोदक तळहातावर घेऊन म्हणाले, ‘बघ सलील, आता भरलं तुझं कोठार.’

तेवढ्यात फोन वाजला. तो अजून फ्रिजवरच होता. आम्ही सगळे उभे राहिलो, कोणी सांगितल्यासारखे. मिथिलासुद्धा. बाबांनी मोदक खाली ठेवला, हात पुसले, घसा साफ केला आणि फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज आम्हांलाही ऐकू येत होता. फ्रिज घेणारा माणूस विचारत होता, कधी येऊ.

बाबांनी पाठ ताठ केली. बेसिनसमोर घोटलेल्या त्याच आवाजात म्हणाले, ‘येस. वुई आर अव्हेलेबल इमिजिएटली.’